मधल्या फळीवरचा माणूस

"होडी खडकावर आपटेपर्यंत तेरा जणांतल्या एकाचंही तोंड उघडलं नाही, हे कसं?"

प्रश्न खरं तर अराबाचा नव्हता, एवुरामाचा होता. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे चौघी मैत्रिणी उकडलेली अंडी मिरचीच्या ठेच्यात बुडवून खात होत्या, तेव्हा तो तिने अराबाच्या पुढ्यात टाकला. आणि वर म्हणाली, "हे तू उद्या विचारून दाखव. घरात बाबांच्या कानात नाही. बैठकीत, सगळ्यांसमोर."

"विचारीन की."

"ही कसली विचारते," दुसरी म्हणाली. "वादविवादाचा कप मिळाला म्हणून वाघीण झाली होय? तिथे विषय मास्तर देतात आणि टाळ्याही मास्तरच सुरू करतात."

सगळ्या हसल्या. एवुरामा हसली नाही. तिचा भाऊ त्याच होडीत होता. गळ्याजवळचं हाड मोडून घेऊन तो परत आला आणि तेव्हापासून घरात शब्द बोलला नव्हता.

"आमच्याकडे भिंत बोलेल एखादे वेळी, तो नाही बोलणार," ती म्हणाली. "माझ्यात विचारायची हिंमत नाही. तुझ्यात असली तर बघ."

आता अशी पैज लागल्यावर अराबा मागे सरते थोडीच. वर्षापूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा घसा बसायचा, तिला या सत्रात आवाज फुटला होता. नव्या चपला घेतलेलं माणूस कारण नसताना चार घरं हिंडून येतं, तशी ती तो आवाज सगळीकडे घालून मिरवायची. एबो, तिचा एकोणीस वर्षांचा भाऊ, म्हणायचा, "हिचा कप ठेवा, आवाज तेवढा परत घ्या. झोपेतसुद्धा भाषण देते."

त्याच होडीतून एबोला समुद्राने नेऊन पंधरा दिवस झाले होते.

मंगळवारी समुद्र विसावा घेतो. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही, म्हणून बैठकाही मंगळवारीच होतात. अराबा आणि एबो, दोघंही मंगळवारची. नावंसुद्धा त्यावरूनच पडलेली. समुद्राच्या सुट्टीच्या दिवशी जन्मलेल्या लेकरांना समुद्र हात लावत नाही, असं आई म्हणायची. आता म्हणत नव्हती. आता ती काहीच म्हणत नव्हती. थोरल्या घराच्या अंगणात ताडपत्रीखाली, लाल-काळ्या कपड्यांतल्या बायकांमध्ये ती बसली होती, आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी राहिली होती. तिथे कुणी बसायला धजत नव्हतं.

क्वामेनाकाकांना, म्हणजे होडीच्या तांडेलाला, तिसऱ्या दिवशी लाटेने खाडीच्या तोंडाशी आणून टाकलं होतं. त्यांना माती मिळाली. एबो अजून मिळाला नव्हता.

नाना ओतूंनी दारूचे चार थेंब जमिनीला पाजले, पूर्वजांना बोलावलं आणि खुर्चीत बसले. नाना म्हणजे कुळाचे प्रमुख. त्यांच्याशी सरळ बोलायचं नसतं. सांगायचं ते काठीवाल्याला सांगायचं, तो ते नीटनेटक्या शब्दांत नानांच्या कानी घालतो आणि नानांचं उत्तरही त्याच्याच तोंडून येतं. काठीवाला होता अराबाचा बाप, एको. काठीच्या टोकाला लाकडात कोरलेली मूठ, आणि मुठीत अंडं. घट्ट धरलं तर फुटेल, सैल सोडलं तर पडेल. शब्दही तसाच धरायचा, हे बाबांनी अराबाला ती सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. गाव म्हणायचं, एकोच्या कानात कारलं घाला, तोंडातून ऊस निघेल. अराबाला बोलण्याचा सोस आला तो त्यांच्याकडूनच.

होडीवरही त्यांची जागा तीच होती. मागे क्वामेनाकाका मशीन धरून, पुढच्या टोकावर फीफी पाण्यावर नजर ठेवून, आणि मधल्या फळीवर बाबा. फीफी हा या दोघा भावांच्या बहिणीचा मुलगा. भाच्याने मामाला 'वळव' म्हणायचं नसतं. शिवाय पन्नास फूट लांब होडी आणि मागे मशीनचा खडखडाट. तेव्हा पुढचं मागे पोचवायला मध्ये माणूस लागायचाच. आणि लागायचाच तर तो एकोसारखा, मर्यादा सांभाळणारा असावा, हे आजोबांच्या वेळेपासून ठरलेलं.

सुरुवात अजोआकाकूने केली. तांडेलाची विधवा, डोकं भादरलेलं, कपाळाला लाल पट्टी.

"एको, नानांना सांग," ती म्हणाली. "सांग, की माझा नवरा तीस वर्षं त्या खडकाजवळून होडी घालत होता. अंधारात घातली, पावसात घातली. वाळवंटाची धूळ वाऱ्याने समुद्रावर येते ते दिवसही त्याला नवे नव्हते. पण मागच्या माणसाचे डोळे पुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर असतात. आणि पुढचा झोपला होता."

बाबांनी काठी जराशी झुकवली. "नाना, आपली सून म्हणते, घराचा खांब पडला. ती विचारते, राखणीला बसलेल्या डोळ्यांना त्या पहाटे थकवा आला होता का."

फीफी खाली मातीत बसला होता. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, पण गुडघे छातीशी घेतलेले. होडी आता त्याच्याकडे यायची होती. तिथे मामाचं मागे उरलेलं भाच्याकडेच जातं, पोटच्या मुलांकडे नाही. काकूचे दोघे मुलगे बाजूला उभे राहून हे सगळं बघत होते. झोपल्याचा डाग लागला असता, तर होडी सोडाच, त्या वाळूवर जाळं सुकवायलाही फीफीला कुणी उभं केलं नसतं.

"मी झोपलो नव्हतो," फीफी म्हणाला. "मी ओरडलो होतो."

"कुणी ऐकलं?" काकूने बाबांकडे न बघता विचारलं. "बाकीचे जाळ्यावर पडले होते, रात्रभर ओढून ओढून. त्यांनी नाही ऐकलं. मग तू काय माशांना ओरडून सांगत होतास?"

फीफीने एकदा बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी ओरडलो होतो," एवढंच पुन्हा म्हणाला.

बायकांत कुजबुज सुरू झाली. कालपर्यंत फीफीला डबे पाठवणारी त्याची चुलत आजीसुद्धा म्हणाली, "ओरडला असता तर कुणीतरी ऐकलंच असतं ना गं." तिने ते हळू म्हटलं, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं फीफीपासून सरकायला लागली. जागचं कुणी हललं नव्हतं, तरी दिसत होतं.

अराबा पाण्याचा जग घेऊन फिरत होती. तिने तो खाली ठेवला.

"मला विचारायचंय."

एक म्हातारे लगेच म्हणाले, "पोरी, हे कुळ तुझ्या बापाचं. तुझं कुळ तुझ्या आईचं. पाहुण्याने पाणी वाढावं, पंचायत करू नये."

"म्हणून तर विचारते, आजोबा. एबोपण आईच्याच कुळाचा होता. आमचा मुलगा तुमच्या होडीत गेला. सेकोंदीहून मामा आला असता तर त्याने विचारलंच असतं. तो नाही, मी आहे."

"शाळेत घातलेलं फुकट नाही गेलं हो," कुणीतरी मागून म्हणालं.

नानांनी दोन बोटं उचलली. म्हणजे बोलू द्या.

अराबाने स्पर्धेत उभी राहायची तसे पाय रोवले. "होडी खडकावर आपटेपर्यंत तेरा जणांतल्या एकाचंही तोंड उघडलं नाही, हे कसं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितलं. मग ते नानांकडे वळले, काठी झुकवली आणि त्यांच्या त्या भिजलेल्या, खोल आवाजात म्हणाले, "नाना, लेकरू भावाच्या दुःखाने पोळलंय. ते विचारतं, समुद्राने तेरा जणांना सावध होण्याइतकीही सवड का दिली नाही."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ते वाक्य इतकं देखणं होतं, की क्षणभर अराबालाच वाटलं, आपण हेच विचारलं. नानांनी मान डोलवली आणि काहीतरी पुटपुटले. बाबा म्हणाले, "नाना म्हणतात, समुद्राचं मन समुद्रालाच ठाऊक."

झालं. प्रश्न गेला, उत्तर आलं, आणि मध्ये कुठेतरी तिचा प्रश्न पाण्यात पडला. कसा पडला तेही कळलं नाही. कुणीच तो ढकलला नव्हता. सगळं किती मायेने झालं होतं.

तिने फीफीकडे पाहिलं. तो बाबांकडे बघत होता. हेच, असंच, आधी एकदा झालेलं माणसाला आठवावं तसं त्याचं तोंड झालं होतं.

आता जे अराबाला कळलं होतं ते कळायला नको होतं. पैज, एवुरामा, कप, सगळं कुठल्या कुठे गेलं. गप्प बसली असती तर चाललं असतं. कुणी दोष दिला नसता. फीफीचं नाव तेवढं बुडालं असतं.

"बाबा, मी असं नाही म्हटलं."

"अराबा, बस."

"मी समुद्राचं विचारलं नाही. माणसांचं विचारलं." तिचा आवाज चिरकला, स्पर्धेत कधी चिरकला नव्हता. "फीफीदादा काय ओरडला होता? त्याचे शब्द. जसेच्या तसे."

"काठीवाल्याची साक्ष काढत नाहीत," म्हातारे म्हणाले. "काठी हातात असते तोवर त्याला स्वतःचा शब्द नसतो. एवढंही घरी शिकवलं नाही का कुणी?"

"मग काठी खाली ठेवा."

बाबा हलले नाहीत. लाकडी मुठीवर त्यांची स्वतःची मूठ आवळलेली होती.

"ठेव," आई म्हणाली.

पंधरा दिवसांतला तिचा तो पहिला शब्द.

बाबांनी काठी नानांच्या खुर्चीला टेकवली. काठी सोडल्यावर ते उंचीने कमी झाल्यासारखे दिसले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, मग त्यांनी ते पाठीमागे धरले, शाळेत शिक्षेला उभं करतात त्या मुलासारखे.

"फीफी ओरडला, 'खडक. डावीकडे घ्या. आत्ता.'" बाबा नानांशी नाही, जमिनीशी बोलत होते. "मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. मी मागे वळलो आणि म्हणालो, 'दादा, पोराला समोर काही पांढुरकं दिसल्यासारखं वाटतंय. आपल्या नजरेला काय दिसतं?'"

फीफीने डोकं गुडघ्यांत घातलं.

"दादा म्हणाला, 'मला धूळ दिसते. त्याला म्हणावं डोळे धू.' मी पुढे वळून फीफीला म्हटलं, 'मामा बघतायत.' तो परत ओरडला. तेच. त्यात एक शिवी होती. मी दादाला म्हटलं, 'तो विनवतो, की जरासं डावीकडे घेतलं तर बरं.'" बाबांनी फीफीकडे बघितलं. "तो विनवत नव्हता."

"का?" हे नाना म्हणाले. सरळ, स्वतःच्या तोंडाने. मध्ये आता कुणी नव्हतंच. कित्येकांनी नानांचा आवाज एवढ्या जवळून पहिल्यांदाच ऐकला. म्हाताऱ्या माणसाचा, किंचित बोबडा आवाज.

"तीन दिवसांआधी फीफीने असंच ओरडून जाळं कापायला लावलं होतं, आणि खाली काही नव्हतं. एक ओंडका होता. दादाने सगळ्यांदेखत त्याचं थोबाड रंगवलं. म्हणाला, पुन्हा मला हुकूम सोडलास तर वाळूवर उतरवीन. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मला वाटलं..." बाबांनी ओठ चावला. "मला वाटलं, किनारा आलाच आहे. पुन्हा वाजायला नको. घरी पोचू, मग मी समजूत घालीन दोघांची."

"आणि एबो?" आईने विचारलं.

"एबो पाणी उपसत होता, माझ्या पुढे. त्याने फीफीचं ऐकलं. त्याला कुणी सांगायला लागलं नाही. तो बांबू घेऊन पुढे धावला, होडी खडकापासून लोटायला." बाबा अजून जमिनीकडेच बघत होते. "त्याने माझंही ऐकलं असणार. जाता जाता माझ्याकडे बघून गेला."

आई उठली. लुगड्यासारखा गुंडाळलेला काळा कपडा तिने कमरेशी पुन्हा घट्ट केला, कुणाकडे बघितलं नाही, आणि फाटकातून बाहेर गेली.

अजोआकाकू मात्र बसूनच होती. फीफीवरचा सगळा राग तिच्या मांडीवर तसाच राहिला होता आणि तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. मग ती म्हणाली, "एको, बावीस वर्षं माझं आणि त्यांचं जे जे वाजलं, ते तूच इकडचं तिकडे केलंस. मी तुझ्यापाशी रडायचे, तू त्यांना सांगायचास. तेही असंच सांगितलंस का?"

बाबांनी खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे बघितलं.

"मला वाटायचं, एवढं सांगूनही त्यांना काहीच कसं वाटत नाही," काकू म्हणाली. "दगड म्हणायचे मी त्यांना."

नानांनी मग फीफीला जवळ बोलावलं. हात धरून उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की याच्या डोळ्यांवर डाग नाही. नवी होडी कोरली जाईल तेव्हा तांडेल हाच. "बोल, काय बोलायचंय ते. मलाच बोल."

फीफी रडत होता. नाक पुसून म्हणाला, "माझ्या होडीत मधल्या फळीवर कुणी बसणार नाही. पुढच्याने हात वर केला, की मी आधी वळवीन. मग विचारीन. ओंडका निघाला तर निघाला." आणि मग बाबांपाशी जाऊन त्यांच्या पायाशी बसला. "मामा, मी सांगणार नव्हतो. कधीच नव्हतो सांगणार."

"माहितेय," बाबा म्हणाले. "म्हणून तर मी गप्प बसू शकलो."

बुधवारी शाळेत एवुरामाने विचारलं, "विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"तुझ्या भावाला म्हणावं, आता बोललं तरी चालेल," अराबा म्हणाली. "ज्यांच्यासाठी गप्प होता, त्या बाबांनीच सांगून टाकलं." एवुरामाने तिच्या हातात आपलं अर्धं अंडं दिलं आणि दोघी घंटा होईपर्यंत टाकीला टेकून उभ्या राहिल्या.

घरी त्या दिवसापासून नवीनच रीत सुरू झाली. आई परसात मासे धुरी देण्याच्या मातीच्या भट्टीपाशी, बाबा पुढच्या अंगणात बाकावर, फाटकं जाळं घेऊन. दोघांत वीस पावलांचं अंतर. आणि मध्ये अराबा.

"त्याला सांग, मक्याची केंकी झाकून ठेवलीय," आई म्हणाली. "सांग, एबोच्या वाटणीची पण त्यानेच खावी. त्याचं पोट मोठं आहे, मुलगा पचवला त्याने."

अराबा अंगणात आली. बाबांनी वर बघितलं. त्या डोळ्यांना ते वाक्य तिला द्यावंसं वाटेना. "आई म्हणते, जेवून घ्या. तुमच्यासाठी दोन जास्त ठेवल्यात."

बाबांचा चेहरा किंचित उजळला. "तिला सांग, माझ्या घशाखाली घास उतरत नाही. सांग, त्याच्या जागी मी का नाही गेलो, हे मी रोज उठून देवाला विचारतो."

भट्टीपाशी धूर होता, आईचे डोळे लाल होते. तिला हे सांगितलं तर ती काय करून घेईल कोण जाणे. "बाबा म्हणाले, नंतर जेवतील."

"जेवतील," आई म्हणाली. "जेवतील बाई. भूक बरी लागते."

असे तीन दिवस गेले. अराबाला वाटत होतं, आपण घर सांभाळतोय. चार दिवस उलटू देत, जखमेवर खपली धरू दे, मग बसवू दोघांना समोरासमोर. शाळेतून आली की ती इकडचं तिकडे करायची, प्रत्येक खेपेला काटे काढून. आणि ते तिला छान जमत होतं. इतकं छान, की गुरुवारी शेजारीण म्हणाली, "पोरगी हुबेहूब बापावर गेलीय." तेव्हा अराबा चक्क खूश झाली होती.

शनिवारी सकाळी आईने भट्टी पेटवलीच नाही. धुरी देऊन ठेवलेले मासे टोपलीत भरून तिने शेजारणीला देऊन टाकले, आणि गाठोडं बांधायला घेतलं. "त्याला सांग, मी भावाकडे चाललेय. सेकोंदीला. सांग, परत येणार नाही. आमच्या कुळाचं जे एक पोर उरलंय, तेही सत्र संपलं की घेऊन जाईन. या माणसाच्या छपराखाली मला एबोचा बांबू दिसतो."

अराबा अंगणात आली. बाबा जाळ्याच्या एकाच भोकाशी कालपासून बसले होते.

"आई मामाकडे जातेय म्हणते," ती म्हणाली. "थोडे दिवस. बरं वाटेल तिला."

बाबांनी सुई खाली ठेवली. घराच्या दाराकडे बघितलं, उठण्यासाठी बाकावर हात टेकला, आणि मग हात काढून घेतला. "जाऊ दे. तिला बरं वाटत असेल तर जाऊ दे. सांग, माझी हरकत नाही."

अराबाने ते नेलं. जसंच्या तसं, कारण त्यात काढण्यासारखा काटा दिसला नाही.

आईच्या हातातली गाठ तशीच राहिली. "हरकत नाही म्हणाला?"

"हो."

"परत येणार नाही म्हटलंस तू, आणि तो म्हणाला हरकत नाही?"

आईने गाठ ओढून घट्ट केली, एबोचा एक शाळेतला जुना शर्ट वर ठेवला आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. परसातल्या दारातून रस्त्यावर जायला दहा पावलं होती. बसच्या थांब्यावर गाडीचा भोंगा वाजत होता.

आणि अराबाला तो खडक दिसला. अगदी समोर, पांढुरका, धुळीत. पुढचं माणूस ओरडतंय, मागचं माणूस म्हणतंय मला धूळ दिसते, आणि मधल्या फळीवर ती बसलेली, गोड गळ्याची, शहाणी, बापावर गेलेली.

ती धावली. परसातलं दार लावून कडी घातली, आईचा दंड धरून तिला घरातून ओढत पुढच्या अंगणात आणलं. गाठोडं वाटेत पडलं. बाबा उभे राहिले.

"सोड," आई म्हणाली. "काय चाललंय हे?"

"मी खोटं सांगत होते." अराबाला धाप लागली होती. "बाबा, आई थोड्या दिवसांसाठी जात नाहीये. ती म्हणाली परत येणार नाही. मलाही घेऊन जाणार म्हणाली. बुधवारी ती म्हणाली, तुम्ही मुलगा पचवला. मी सांगितलं, दोन केंकी जास्त ठेवल्यात."

बाबा बाकावर पुन्हा बसले.

"आणि आई, 'नंतर जेवतील' हे बाबांचं नव्हतं. ते म्हणाले, घास उतरत नाही. त्याच्या जागी मी का नाही गेलो, असं ते रोज देवाला विचारतात. तुला भीती वाटेल म्हणून मी नाही सांगितलं. तीन दिवस त्यांनी काही खाल्लेलं नाही. तुझी केंकी मी शेजारच्या बकरीला घालतेय."

आईने बाबांकडे बघितलं. बघायचं नव्हतं तिला, पण बघितलं. गालफडं बसलेली, दाढीत पांढरं आलेलं.

"तू म्हणालास हरकत नाही," ती म्हणाली. बैठकीनंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलत होती, आणि आवाजात विखार होता. अराबाला तो विखार मध्येच झेलावासा वाटला. जीभ आपोआप वळवळली. तिने दात दाबून धरले.

"मला वाटलं, दोन दिवस जातेस," बाबा म्हणाले.

"माझं पोर कुठे आहे, एको?"

बाबा काठी नसलेले हात मांडीवर उताणे टाकून बसले होते. त्यांनी उत्तरासाठी सवयीने अराबाकडे बघितलं. आईनेही बघितलं. दोघांना तिच्या तोंडून काहीतरी हवं होतं, काहीतरी मऊ, मधलं.

अराबा दोघांच्या मधून बाजूला झाली. चार पावलं मागे गेली, भिंतीला पाठ लावली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. आवाज स्पर्धेतला नव्हता, साधा होता, आणि कापत होता. "आजपासून मी या घरात कुणाचा निरोप कुणाला नेणार नाही. रडा, भांडा, शिव्या द्या. आई, तुला जायचंच असलं तर जा, पण जाते हे त्यांना तू सांग. आणि बाबा, एबोचं शेवटचं जे तुम्हाला माहितेय, ते तिला तुम्ही सांगा. जसं झालं तसं. मी मध्ये बसणार नाही."